मोठ्या पिक्चरला शॉर्ट फिल्म जोडताय? आधी प्लेलिस्ट विचारा

शुक्रवारचा पहिला शो. बाबा, काकू आणि शेजारच्या दोघांना घेऊन मी तालुक्याच्या टॉकीजमध्ये बसलो होतो. जाहिराती झाल्या, तंबाखूची सूचना झाली, मोठ्या पिक्चरचं सर्टिफिकेट झळकलं आणि थेट हिरोची एन्ट्री. आमची चौदा मिनिटांची शॉर्ट फिल्म कुठंच नाही. बाबा इंटरव्हलपर्यंत वाट पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "बाबू, तुह्यं कवा येते?" मी चहा आणतो म्हणून उठलो, ते परत आत गेलोच नाही.

वर ऑपरेटरला गाठलं. "डिस्कमंदी हाय ना बाप्पा! पन लिस्टीत टाका असं कोनं सांगतलंच नाही."

हे नीट समजून घ्या, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. डीसीपी, म्हणजे टॉकीजसाठी बनवलेला फिल्मचा डिजिटल संच, टॉकीजच्या सर्व्हरवर उतरला म्हणजे फिल्म लागली असं नसतं. प्रत्येक शोची एक प्लेलिस्ट असते: जाहिराती, ट्रेलर, पिक्चरचा पहिला भाग, इंटरव्हल, दुसरा भाग. तुमची शॉर्ट फिल्म ही सर्व्हरवर वेगळी फाइल. ती कोणीतरी हातानं उचलून यादीत ठेवली तरच चालते. ऑपरेटर ठेवतो मालकानं सांगितलं तर, आणि मालक सांगतो वितरकाच्या बुकिंगच्या कागदावर असलं तर. आमचा शब्द झाला होता मोठ्या पिक्चरच्या मुंबईच्या निर्मात्याशी. आपल्याकडचं बुकिंग मात्र सीपी-बेरार सर्किटचं (पिक्चर वितरणाचा आपला विदर्भाकडचा विभाग), त्याचे वितरक अमरावतीला. तिथून निघालेल्या कागदावर फक्त मोठ्या पिक्चरचं नाव होतं. त्यामुळे निर्मात्याच्या गोड बोलण्यावर जाऊ नका, वितरकाच्या कागदावर स्वतःच्या फिल्मचं नाव आणि मिनिटं छापून घ्या. नंतर टॉकीजला स्वतः फोन करा.

मालकावरही राग धरून उपयोग नाही. चौदा मिनिटं गुणिले चार शो, म्हणजे दिवसाचा जवळपास एक तास. तेवढ्यात त्याच्या जाहिराती बसतात. एकेकाळी फिल्म्स डिव्हिजनच्या बातमीपटांना टॉकीजवाल्याला जागा द्यावीच लागायची. आपली फिल्म लावायची सक्ती कोणावर नाही. पाच-सहा मिनिटांची केली असती तर बरं झालं असतं, हे आता कळतं.

आणखी एक. पडद्यावरच्या चौकटीचे दोन आकार असतात. आमची फिल्म फ्लॅटमध्ये, म्हणजे १९९८ बाय १०८० पिक्सेल; मोठा पिक्चर जास्त रुंद अशा स्कोपमध्ये, २०४८ बाय ८५८. मधे प्रोजेक्टरचं सेटिंग बदलावं लागतं, आणि ते प्लेलिस्टमध्ये घातलेलं नसेल तर ऑपरेटर वैतागून तुमचंच काढून टाकतो. मोठा पिक्चर कशात आहे ते विचारा आणि शूटिंगआधीच तीच चौकट धरा. डीसीपीला कुलूपही (एन्क्रिप्शन) लावू नका. कुलूप लावलं की प्रत्येक टॉकीजच्या सर्व्हरसाठी वेगळी केडीएम चावी, तीही ठरावीक तारखांपुरती. आपली शॉर्ट फिल्म चोरायला कोण बसलंय?

सेन्सॉरचं सर्टिफिकेट शॉर्ट फिल्मलाही वेगळं लागतं. अर्ज ऑनलाइन होतो, त्यामुळे एजंटला पैसे देऊ नका. बैलजोडी दाखवणार असाल (आपल्याकडे कोण दाखवत नाही?) तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधीच घ्या. नंतर धावपळ केली तर फार जड जातं. वीकेंड वर्कशॉपवाले गुरुजी लेन्सवर दोन दिवस बोलतात, या कागदांवर दोन मिनिटंही नाही. माझे साडेतीन हजार तिथंच गेले.

एवढं वाचून घाबरू नका. यादी एकदा लागली की आठवडाभर तीच चालते, आणि ऑपरेटर मंडळी मनानं चांगली असतात, फक्त त्यांना कोणी विचारत नाही. दुसऱ्या फिल्मच्या वेळी मी गुरुवारी संध्याकाळीच केबिनमध्ये जाऊन बसलो. त्यानं माऊसनं आमची फाइल ट्रेलरच्या खाली ओढली, आधी सेटिंगची खूण टाकली आणि म्हणाला, "लावलं बाप्पा, लावलं. आता चहा पाजा."

बाबांना मी या वेळी शनिवारच्या शोला नेलं. शुक्रवारचा शो आधी एकट्यानं पाहून आलो.