पंधरा मतदार

आत्याचा मुलगा यंदा धुळ्यात एस.वाय.ला आहे. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला, "दादा, कॉलेजात निवडणूक लागणार म्हणतात. अध्यक्षपदाला उभा राहू का?" पॅनल तयार होतं, पॅनलचं नाव ठरलं होतं, टी-शर्टचा रंगसुद्धा ठरला होता. मी विचारलं, "तुझ्या वर्गात शिरपूरकडून रोज येणाऱ्या मुली किती?" तो म्हणाला, "बघून सांगतो."

२०१३ मध्ये मीही असाच होतो. म्हणून हे लिहितो आहे, त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या इतरांसाठी.

आमच्या वेळी मतदार फक्त पंधरा होते. कॉलेज दोन-अडीच हजार पोरांचं, आणि मतं पंधरा. हे आजच्या पोरांना सांगितलं की हसतात. पण १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने तसंच ठरवलं होतं. १९८९ मध्ये मुंबईत ओवेन डिसूझा नावाच्या विद्यार्थी उमेदवाराचा खून झाला, आणि पुढे नव्या कायद्यात महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुकाच गेल्या. मग प्रत्येक वर्गात आदल्या वर्षी ज्याला जास्त मार्क, तो वर्गप्रतिनिधी, म्हणजे आमच्या भाषेत सी.आर. कला, वाणिज्य, विज्ञान, तीन-तीन वर्षं, असे नऊ झाले. त्यात एन.एस.एस., एन.सी.सी., खेळ आणि सांस्कृतिक यांचे एकेक, आणि प्राचार्यांनी नेमलेल्या दोन मुली. एकूण पंधरा. या पंधरांनी आपल्यातूनच सचिव निवडायचा, तो जी.एस. नोटीस बोर्डावर यादी लागली तेव्हा माझं नाव एस.वाय.बी.एस्सी.पुढे होतं. मी शिरूडहून चाळीसगाव पॅसेंजरने अप-डाऊन करणारा पोरगा. डब्यातल्या मित्रांनी त्याच दिवशी ठरवून टाकलं की जी.एस. आपलाच.

पहिल्या खेपेला मी काय काय चुकवलं ते जरा सविस्तर सांगतो.

मतदार पंधरा, त्यात मुली नऊ. मार्कांवर निवड म्हटल्यावर दुसरं काय होणार! पण आमचा सगळा प्रचार पोरांचा पोरांत. लळिंगच्या अलीकडच्या ढाब्यावर दोनदा शेवभाजी झाली. दोन्ही वेळा बारा-बारा पोरं जेवली, आणि त्यात मत असलेले जेमतेम तिघे. बाकीचे नऊ जण कोण होते, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. प्रत्येक जण जाताना पाठीवर हात ठेवून म्हणायचा, "भो, मत तुलेच देसू." त्याला मतच नव्हतं हे मी हिशेब करताना विसरलो.

मुलींकडे मी गेलोच नाही. 'तिच्या वर्गातला अमका माझ्या मित्राचा मित्र आहे, तो सांगेल तिला,' एवढ्यावर नऊ मतं सोडून दिली.

समोरचा उमेदवार टी.वाय. कॉमर्सचा, मुरलेला. त्याने मतदानाच्या दोन दिवस आधी आमचे दोन सी.आर. उचलले आणि तोरणमाळला नेले. उचलले म्हणजे जबरदस्ती काही नाही; पावसाळ्यात तोरणमाळ फुकट बघायला मिळत असेल तर कोण नाही म्हणेल? दोघांचे फोन बंद. मतदानाच्या वेळी ते गाडीतून थेट कॉलेजच्या दारात उतरले, आणि माझ्याकडे न बघता आत गेले.

आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यातच आली नाही. मतदान सोमवारी होतं आणि तो कानबाईचा सोमवार होता. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई ही देवी घरात बसते, सोमवारी तिला वाजतगाजत नदीवर नेतात. घरातली माणसं त्या दिवशी कुठे जात नाहीत. माझं म्हणून धरलेलं एका मुलीचं पक्कं मत साक्री तालुक्यातल्या तिच्या घरात अडकलं. मी तिच्या भावाला फोन लावला, तर मागून आईचाच आवाज आला, "कानबाई उठी जाऊ दे, मंग जाय कालेजले." तारीख आठ दिवस आधी बोर्डावर लागली होती. मी अर्ज देऊन दिवस बदलून मागू शकलो असतो. खान्देशात राहून ज्याला कानबाई आठवत नाही, त्याने हरायलाच पाहिजे.

निकाल लागला: आठ-सहा. एक गैरहजर.

निकालानंतर चार-पाच दिवसांनी एफ.वाय.बी.ए.ची सी.आर. लायब्ररीच्या पायऱ्यांवर भेटली. शिरपूर तालुक्यातल्या पाड्यावरची मुलगी, वसतिगृहात राहणारी, फार कमी बोलणारी. मी उगाच विचारलं, मला का नाही दिलं मत? ती म्हणाली, "तुम्हाला माझं नाव माहीत आहे का?" मला आडनाव माहीत होतं. नाव नव्हतं.

ती पुढे जे बोलली ते माझ्या उपयोगाचं ठरलं. बोनाफाइड, म्हणजे या कॉलेजात शिकते असा दाखला, मिळत नाही, ही तिची अडचण होती. शिष्यवृत्तीच्या फॉर्मला बोनाफाइड, वसतिगृहाला बोनाफाइड, एसटीच्या पासाला बोनाफाइड. आणि आमच्या ऑफिसची त्याची खिडकी अकरा ते बारा एवढीच उघडी. त्या तासाला तिचं लेक्चर. जे अप-डाऊनवाले, त्यांची गाडीच सव्वाअकराला स्टँडवर लागायची, तिथून चालत येईपर्यंत रांग दाराबाहेर. विद्यार्थी पासावर भाड्याचा तिसरा हिस्साच भरावा लागतो. पण तेव्हा पास हातात येईपर्यंत रोज पूर्ण तिकीट. तीन-चार दिवस खिडकी चुकली तर घरून आणलेले पैसे संपायचे आणि पोरगी त्या आठवड्यात कॉलेजला यायचीच बंद व्हायची. मला यातलं काही माहीत नव्हतं, कारण माझा रेल्वेचा पास वडील काढून आणायचे.

मग मी एक वही केली. खरं सांगायचं तर सूड म्हणून केली. पुढच्या वर्षी हरायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. वहीत वर्ग, नाव, गाव, कोणत्या गाडीने येतो आणि कशात अडकला आहे, असे पाच रकाने. पाचवा रकाना भरायला वर्ष लागलं. दुपारी ऑफिसात जाऊन मोठ्या बाबूंशेजारी बसायचो. ते आधी हाकलायचे, मग चहा सांगायचे. जावक नोंद कशी होते, सही कोणाची लागते, कागद दोन दिवस कुठे पडून राहतो, हे तिथे कळलं. सही करणारे सर दुपारी दोनला येतात आणि खिडकी बाराला बंद होते, एवढीच मेख होती. सकाळी अर्ज पेटीत टाकायचे आणि चारला तयार दाखले घ्यायचे, असं लिहून आम्ही तीस-चाळीस सह्यांचा अर्ज दिला. एकदा परत आला. दुसऱ्यांदा मंजूर झाला. तेव्हा मी कोणत्याही पदावर नव्हतो, हे मुद्दाम सांगतो.

टी.वाय.ला पुन्हा यादीत आलो. या वेळी एकेकाला स्वतः भेटलो, मुलींना त्यांच्या मैत्रिणींसमोर, वर्गात किंवा लायब्ररीत. दोन मिनिटं बोलायचं आणि निघायचं. ढाबा नाही. कोणी विचारलं की सांगायचो, बोनाफाइडचं झालं, आता परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख वर्गावर्गात जाऊन सांगायची आहे. जातीचं गणित आमच्याकडेही मांडलं गेलं, ते मांडलं गेलं नाही असं कोणी सांगत असेल तर त्याच्या गप्पांत वेळ घालवू नका. पण पंधरा माणसांत ते गणित दोन-तीन मतांपलीकडे चाललेलं मी पाहिलं नाही. संघटनांचे दादा लोकही आले, या रंगाचे आणि त्या रंगाचे. गाडी देतो, पोरं देतो, निकालाच्या दिवशी फक्त आपला गमछा. मी सगळ्यांचा चहा घेतला आणि कोणाची गाडी घेतली नाही. उपकाराची गाडी निकालानंतर परत करता येत नाही.

नऊ-सहाने आलो. लायब्ररीच्या पायऱ्यांवरच्या त्या मुलीने मत कोणाला दिलं ते मी विचारलं नाही. नाव मात्र आता माहीत होतं.

आता नवीन पोरांसाठी. तुमचं गणित वेगळं आहे. २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला, आणि त्याच्या कलम ९९ ने खुल्या निवडणुका कागदावर परत आणल्या. अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी, आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त-भटक्या व इतर मागासवर्गातून पाळीपाळीने एक प्रतिनिधी, यांना कॉलेजातल्या सगळ्या विद्यार्थ्यांनी थेट निवडायचं; वर्गप्रतिनिधी ज्याच्या त्याच्या वर्गाने. पण २०१९ मध्ये ठरलेल्या निवडणुका विधानसभेच्या तोंडावर पुढे ढकलल्या गेल्या, आणि 'यंदा नक्की' ही बातमी तेव्हापासून पावसाबरोबर येते आणि पावसाबरोबर जाते. म्हणून टी-शर्ट छापण्याआधी परिपत्रक बघा. स्वतःच्या डोळ्यांनी, कॉलेजच्या बोर्डावर. ग्रुपवर फिरणारं नको.

विद्यार्थी निवडणुकांचे नियम सुचवणाऱ्या लिंगडोह समितीचं नाव ऐकलं नसेल तर ऐकून ठेवा. समितीचा अहवाल २००६ चा, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो लागू केला. त्यात उमेदवाराला पंच्याहत्तर टक्के हजेरी लागते, त्या वर्षी विषय राहिलेला चालत नाही, खर्चाची मर्यादा पाच हजार. छापील पोस्टर बंद, हाताने लिहिलेलंच लावायचं. आपल्याकडे निम्मी पोरं हजेरीतच गळतील. शेती, लग्नसराई, कापूस वेचणी, कारणं खरी असतात. पण रजिस्टरला कारण दिसत नाही, गैरहजेरी दिसते. जूनपासूनच बघा.

आणि फॉर्म. सूचक कोण, अनुमोदक कोण, हे फॉर्म हातात येण्याआधी ठरवा. माझ्या एका मित्राचा अर्ज छाननीत गेला, कारण त्याच्या अनुमोदकाने भिडेखातर समोरच्याच्याही अर्जावर सही केली होती. त्या पोराचा स्वभावच तसा होता, कोणालाच नाही म्हणायचा नाही. असा माणूस मित्र म्हणून फार चांगला. अनुमोदक म्हणून घेऊ नका. सही ओळखपत्रावर जशी आहे तशीच करा. फी बाकी असेल तर पावती आधी.

भाषण करायला मिळालं तर एक मिनिट. 'मित्रांनो आणि मैत्रिणींनो' यातच काही जण वीस सेकंद घालवतात.

विद्यापीठाच्या पातळीबद्दल फार सांगण्यासारखं माझ्याकडे नाही. १५ ऑगस्ट १९९० ला जळगाव, धुळे आणि पुढे नंदुरबार झालेला भाग पुण्यापासून सुटा होऊन आपलं विद्यापीठ झालं. २०१८ मध्ये त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं. आम्ही जी.एस. तिथल्या निवडणुकीला गेलो तेव्हा नुसतं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, म्हणजे उमवि होतं. धुळ्याहून पारोळा, एरंडोल, पाळधी करत एसटी बांभोरीला पोचते, गिरणेच्या पुलाच्या अलीकडेच उतरायचं. माझ्या डोक्यात होतं की इथेही फॉर्म भरू. आवारात पाऊल टाकलं तर तीन जिल्ह्यांतले जी.एस. आधीच गटागटाने उभे, कोणाची जीप कुठून आली ते नंबर प्लेटवरून कळत होतं. चोपड्याचा एक जण मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, तुझ्या ओळखीचे इथे किती?" मी मोजले. चार. फॉर्म भरला नाही. कँटीनमध्ये पोहे खाल्ले, मत दिलं, संध्याकाळच्या गाडीने परत. नवा कायदा इथेही तेच ठेवतो: विद्यापीठाचे पदाधिकारी कॉलेजांमधून निवडून आलेले प्रतिनिधीच निवडतात, सगळे विद्यार्थी नाही. आणि विद्यापीठाच्या विद्यार्थी मंडळाचा अध्यक्ष आणि सचिव अधिसभेवर, म्हणजे सिनेटवर बसतात, त्यामुळे तिथे जोर लागतो. जायचं असेल तर युवारंग हा विद्यापीठाचा युवक महोत्सव, एन.एस.एस.ची शिबिरं, खेळ, जिथे दुसऱ्या कॉलेजांची पोरं भेटतात तिथे दोन वर्षं आधी दिसायला लागा.

जी.एस. म्हणून वर्षभरात माझा सगळ्यात जास्त वेळ गॅदरिंगच्या मंडपवाल्याशी भाव करण्यात गेला. हे कोणी आधी सांगत नाही. फिशपाँडमधली कोणती चिठ्ठी वाचायची आणि कोणती फाडायची यावर दोन भांडणं सोडवली. परीक्षेच्या तारखा मात्र प्रत्येक वर्गात जाऊन सांगितल्या.

वही पुढच्या जी.एस.ला दिली होती. त्याने ती उघडली नसावी. मागच्या महिन्यात आत्याच्या मुलाचा फोन झाल्यावर त्या जी.एस.ला विचारलं, तर घरात सापडली म्हणाला, पहिली आठ-दहा पानं उंदराने खाल्लेली. आत्याच्या मुलाला म्हटलं, जाऊन घेऊन ये. तो म्हणाला, "दादा, त्यातली सगळी पोरं तर पास होऊन गेली." मी म्हटलं, नावं बघू नको, पाचवा रकाना बघ. काल त्याचा मेसेज आला. शिरपूरकडून येणाऱ्या मुली अकरा आहेत, आणि बोनाफाइडची खिडकी पुन्हा अकरा ते बारा झाली आहे.