बर्फाखालचा तळ रडारने शोधताय? मग या चुका टाळा

पहिल्यांदा रडारग्राम, म्हणजे रडारच्या इकोंवरून बनलेलं बर्फाचं उभं चित्र, उघडला की वर एक ठळक रेष दिसते, मध्ये एकावर एक रचलेले थर दिसतात, खाली कुठेतरी एक खडबडीत रेष दिसते आणि हात लगेच माउसकडे जातो, हाच तळ म्हणून आपण क्लिक करत सुटतो. जरा थांबा. रडारला खोली कळत नाही आणि पाणीही कळत नाही, त्याला दोनच गोष्टी कळतात, इको, म्हणजे आपटून परत आलेली लहर, किती वेळाने आला आणि किती जोरात आला. खोली, दगड, पाणी, गोठलेला तळ हे सगळं आपण त्यावरून ठरवतो आणि जवळपास सगळ्या चुका या ठरवण्यातच होतात.

हे तंत्रही असंच, एका चुकीतून हाती आलंय. रेडिओ अल्टिमीटर, म्हणजे रेडिओ लहरीने विमानाची उंची मोजणारी यंत्रं, बर्फावरून उडताना चुकीची उंची दाखवायचे कारण लहर पृष्ठभागावर न थांबता बर्फात शिरून खालून परत यायची, मग १९५०च्या दशकात अमोरी वेट यांनी तीच गोष्ट बर्फाची जाडी मोजायला वापरली, आणि १९६०च्या दशकात केंब्रिजच्या स्कॉट पोलर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये स्टॅन इव्हान्स यांनी यासाठी खास रडार बनवलं.

वेळेवरून खोली काढताना

घट्ट बर्फात लहर एका मायक्रोसेकंदात साधारण १६८-१६९ मीटर जाते, हवेत ३०० मीटर. म्हणजे ३ किमी जाड बर्फातून जाऊन परत यायला ३५ मायक्रोसेकंदांपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. हा जाऊन-येऊनचा वेळ आहे, निम्मा करायचा. नवीन कोड लिहिला आणि जाडी बरोबर दुप्पट आली तर दुसरीकडे शोधत बसू नका, आधी हेच बघा. दुसरं म्हणजे वेगाचा आकडा कुठला धरला ते लिहून ठेवा, कारण एकाने १६८ धरला आणि दुसऱ्याने १६९, तर ३ किमीवर १८ मीटरचा फरक पडतो आणि मग दोन सर्व्हे जुळत नाहीत म्हणून लोक यंत्राला दोष देतात.

फर्न विसरू नका. फर्न म्हणजे वरचा दबलेला पण अजून घट्ट बर्फ न झालेला भाग, त्यात हवा असते म्हणून लहर तिथे जास्त वेगाने जाते. पूर्ण खोलीला घट्ट बर्फाचाच वेग लावला तर अंटार्क्टिकाच्या आतल्या भागात जाडी साधारण १० मीटर किंवा त्याहून जास्त कमी भरते. केबलमधला आणि ट्रिगरचा, म्हणजे रेकॉर्डिंग सुरू होण्याचा, उशीरही मोजून वजा करा, ०.१ मायक्रोसेकंद चुकला की ८ मीटर गेले. आणि उंची एलिप्सॉइडवरून (पृथ्वीचा गणिती गुळगुळीत आकार) आहे की जिऑइडवरून (गुरुत्वाकर्षणावरून ठरणारी समुद्रसपाटी) हे फाइलमध्ये स्पष्ट लिहा, प्लीज, कारण अंटार्क्टिकात त्या दोघांत कित्येक ठिकाणी दहा-वीस मीटरचा फरक असतो.

खोटा तळ

विमानातून मोजताना सिग्नल बर्फाच्या पृष्ठभागावरून विमानाकडे येतो, विमानावर आपटून परत खाली जातो आणि पुन्हा वर येतो, हा दुसऱ्या फेरीचा इको रडारग्राममध्ये अगदी खऱ्या रेषेसारखा उमटतो. विमान ५०० मीटर उंचीवर असेल तर तो बर्फात साधारण २८० मीटर खोलीवर दिसेल, १५०० मीटरवर असेल तर ८४० मीटरच्या आसपास. हिमचादरीच्या कडेला खरी जाडीही तेवढीच असते म्हणून फसायला होतं. मीसुद्धा एका लाइनवर, म्हणजे विमानाच्या एका फेरीच्या मार्गावर, बरेच किलोमीटर हीच रेष तळ म्हणून पिक केली, म्हणजे क्लिक करून नोंदवली होती, नंतर विमानाच्या उंचीचा ग्राफ शेजारी ठेवला तेव्हा लक्षात आलं की विमान वर गेलं की माझा तळ खाली जातोय. आता कुठलीही लाइन उघडली की आधी उंचीचा ग्राफ लावते, मगच पिकिंग.

दुसरी फसवी गोष्ट म्हणजे बाजूने येणारे इको. अँटेनाचा झोत रुंद असतो, त्यामुळं खाली अरुंद खोल दरी असेल तर दरीच्या भिंतींवरचे इको तळाच्या आधी पोचतात आणि पहिला इको म्हणजे तळ असं धरलं की दरी उथळ निघते. पूर्व अंटार्क्टिकातल्या डेनमन ग्लेशियरखाली हेच झालं होतं, भिंतींच्या इकोंमुळं रडारला दरीचा खरा तळ सापडत नव्हता. शेवटी बर्फ किती वाहतोय त्याच्या हिशोबावरून, म्हणजे आत येणारा बर्फ आणि बाहेर जाणारा बर्फ जुळवून, बेडमशीन या बर्फाखालच्या जमिनीच्या नकाशावाल्यांनी तळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३५०० मीटर खाली असल्याचं काढलं. मायग्रेशन, म्हणजे बाजूने आलेले इको गणिताने त्यांच्या खऱ्या जागी नेणं, हे करा, पण बर्फाच्या पृष्ठभागावर लहर वाकते हे त्या गणितात धरलंय का तेही बघा. आणि स्क्रीनवर १०० किमीची लाइन एका हाताच्या रुंदीत बसवलेली असते, उभी बाजू खूप ताणलेली, त्यामुळं दिसणारे टोकदार डोंगर प्रत्यक्षात बऱ्याचदा साधे उतार असतात.

चमकतंय म्हणजे पाणीच?

यावर मी जरा जास्त लिहिणारे कारण सगळ्यात मोठ्या बातम्या आणि सगळ्यात मोठ्या चुका इथेच होतात. बर्फाखाली पाणी असेल तर इको गोठलेल्या तळापेक्षा साधारण १० ते १५ डेसिबल (सिग्नलच्या ताकदीचं माप) जोरात येतो, हे खरं आहे. पण तो इको आपल्यापर्यंत यायच्या आधी बर्फाने त्यातलं बरंच खाल्लेलं असतं आणि किती खाल्लं हे बर्फाच्या तापमानावर आणि त्यातल्या आम्लांवर ठरतं, गरम बर्फ जास्त खातो. समजा दर किलोमीटरमागे किती सिग्नल जातो या अंदाजात तुम्ही फक्त २ डेसिबल चुकलात, तर २ किमी बर्फात जाऊन-येऊन ८ डेसिबलची चूक, ३ किमीत १२. म्हणजे ओला-कोरडा ठरवणारा सगळा फरकच चुकीत गेला की!

बरेच जण काय करतात, त्याच लाइनवर जाडीसमोर इकोची ताकद मांडतात आणि त्या रेषेच्या उतारावरून बर्फ किती सिग्नल खातो ते काढतात. यात आपण गृहीत धरलेलं असतं की तळ सगळीकडे सारखा आहे. पण जाड बर्फाखालचा तळ बऱ्याचदा गरम आणि ओला असतो, पातळ बर्फाखालचा गोठलेला, मग जी गोष्ट शोधायची आहे तीच आपण गणितातून पुसून टाकतो. जमेल तिथे तापमानाच्या मॉडेलवरून वेगळा अंदाज काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा, जुळले नाहीत तर पाण्याबद्दल बोलू नका.

कॅनडाच्या डेव्हन आइस कॅपचं उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. २०१८ मध्ये रडारच्या जोरदार इकोवरून तिथे बर्फाखाली अतिखारट पाण्याची तळी असल्याचं प्रसिद्ध झालं, नंतर त्याच भागात सायस्मिक (जमिनीतल्या कंपनांवरून) आणि इलेक्ट्रोमॅग्नेटिक मोजणी झाली आणि २०२४ मध्ये निष्कर्ष आला की तिथे तळं नाही. पहिल्या टीमने निष्काळजीपणा केला असं मला अजिबात वाटत नाही, फक्त इकोचा जोर ही एकच खूण एवढं ओझं पेलत नाही.

मग तळं ओळखायचं कसं? इको आजूबाजूच्या तळापेक्षा जोरात हवा, लांबवर एकसारखा गुळगुळीत हवा, आणि रेषेचा उतार बरोबर हवा. या उताराबद्दल हमखास गैरसमज असतो, तळं म्हणजे आडवी रेष असं डोक्यात असतं. बर्फाखालच्या तळ्याचा वरचा भाग आडवा नसतो, वरच्या बर्फाचा पृष्ठभाग ज्या बाजूला उतरतो त्याच्या उलट बाजूला तो उतरतो, आणि सुमारे ११ पट जास्त, कारण वरच्या बर्फाचं वजन पाण्याने तोलायचं असतं. अंटार्क्टिकातल्या सुमारे २५० किमी लांबीच्या व्होस्टोक तळ्यावर उत्तरेला बर्फ ४ किमीहून जाड आहे आणि दक्षिणेकडे त्याहून पातळ, तरी पाणी एकच. उतार या हिशोबात बसत नसेल तर कितीही चमकू दे, तळं म्हणू नका.

आतले थर गायब झाले तर

आतला प्रत्येक थर म्हणजे एका काळातला पृष्ठभाग, म्हणून आइस कोअरवरून, म्हणजे बर्फात खोदून काढलेल्या लांब नमुन्यावरून, वय काढून तो शेकडो किलोमीटर नेता येतो. पण मधे थर तुटला की पलीकडे जवळचाच दुसरा धरला जातो आणि तिथून पुढचं सगळं वय चुकतं. दोन लाइन जिथे एकमेकींना छेदतात तिथे तोच थर त्याच खोलीवर येतोय का हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि थर दिसत नाहीत म्हणजे थर नाहीतच असं नाही हो. नॉइज, म्हणजे सिग्नलमधला नको असलेला गोंधळ, कमी करायला आपण शेजारचे ट्रेस, म्हणजे एकेका जागेवरच्या इकोंच्या नोंदी, एकत्र मिळवतो, तेव्हा तिरके थर स्वतःलाच खोडतात. १५० मेगाहर्ट्झला बर्फातली लहर साधारण १.१२ मीटर लांबीची, त्यामुळं जेवढ्या अंतरातले ट्रेस मिळवले तेवढ्यात थर ५६ सेंटिमीटर खाली गेला की फेजसह, म्हणजे लहरींचे चढउतार धरून, केलेल्या बेरजेत तो संपला. कच्चा डेटा परत घ्या, कमी ट्रेस मिळवून बघा, कित्येकदा डोंगराच्या बाजूचे थर तिथेच सापडतात. बर्फाचे स्फटिक एका दिशेला लागलेले असतील तर एका पोलरायझेशनमध्ये, म्हणजे लहरीच्या कंपनाच्या एका दिशेत, इको मंदावतो, दुसऱ्यात येतो, तेही तपासा.

तळ दिसतच नाही

आधी रेकॉर्डिंगची खिडकी बघा, तळाचा इको यायच्या आतच रेकॉर्डिंग बंद होतंय का. मग वर भेगा आहेत का बघा, त्यातून सिग्नल विखुरतो. वितळबिंदूच्या जवळचा, पाणी मुरलेला ग्लेशियर असेल तर फ्रिक्वेन्सी कमी करा, काही मेगाहर्ट्झवर या, तिथे १५० मेगाहर्ट्झचा हट्ट धरून उपयोग नाही. आपल्याच वॉकीटॉकीने डेटात पट्टे उमटतात, मोजणी चालू असताना बोलणं टाळा. तरंगत्या आइस शेल्फवर, म्हणजे समुद्रावर पसरलेल्या हिमचादरीच्या भागावर, समुद्राचं पाणी खालून गोठलेलं असेल तर इको त्या दोन बर्फांच्या सीमेवरून येतो, खऱ्या तळावरून नाही, त्यामुळं जाडी कमी निघते.

एवढं करूनही तळ दिसला नाही तर तिथे काही भरू नका, शून्य तर अजिबात नाही, कारण शून्याचा अर्थ पुढच्या माणसासाठी बर्फ नाही असा होतो आणि ग्रिड, म्हणजे चौकटींचा नकाशा, बनवताना तिथे डोंगर उभा राहतो. रिकामं ठेवा आणि का रिकामं आहे ते शेजारच्या कॉलममध्ये लिहा. २०१३ च्या बेडमॅप२ या अंटार्क्टिकाच्या बर्फाखालच्या नकाशामध्ये पूर्व अंटार्क्टिकातल्या प्रिन्सेस एलिझाबेथ लँडचा मोठा भाग असाच मापाशिवाय होता, ती पोकळी नकाशावर उघड दिसत होती, म्हणून नंतरच्या काळात विमानं मुद्दाम तिकडे पाठवली गेली.