ओलिताआधी जुन्या इंजनाचे टॅपेट अन् मोबिल पाहून घ्या

गव्हाला पहिलं पाणी पेरणीनंतर 18 ते 21 दिवसांत लागतं, मुकुटमुळं फुटतात तेव्हा. ते हुकलं की फुटवे घटतात. लाइन रात्रीची, तीही भरवशाची नाही. म्हणून पावसाळाभर नाल्याकाठी पडून असलेल्या डिझेल इंजनाची आठवण होते. हँडल मारून खांदे भरून येतात, पण इंजन काही उठत नाही. मग लोक आधी डिझेल पंप अन् नोझल खोलायला बसतात. तसं करू नका. आधी टॅपेट पाहा, म्हणजे वाल (व्हॉल्व्ह) अन् त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट, गॅप.

डिझेलचा कॉक बंद करा, डिकॉम्प लिव्हर (कॉम्प्रेशन सोडून चाक हलकं करणारा दांडा) उचला आणि चाक हातानं हळू फिरवा. सायलेन्सरच्या नळीवर डबा पालथा घातला नसेल तर आत पाणी शिरलेलं असू शकतं. चाक अडलं तर जोर लावू नका, कनेक्टिंग रॉड वाकतो.

टॅपेट इंजन थंड असतानाच करायचे. रॉकरवरचं झाकण काढून चाक चालीच्या दिशेनं फिरवा. इनलेट वाल दबून परत वर आला की पुढं पिस्टन अगदी वर येईपर्यंत फिरवा. आता दोन्ही वाल बंद असतात, पुशरॉड (रॉकरला खालून ढकलणाऱ्या सळ्या) बोटांनी सहज फिरतात. इथं डिकॉम्प लिव्हर सोडायला विसरू नका. बऱ्याच इंजनांत तो एक्झॉस्ट वाल उचलून धरतो आणि गॅप खोटा दिसतो.

मूळ लिस्टर 6/1 या जुन्या, संथ चालणाऱ्या इंजनाचा गॅप 0.017 इंच, म्हणजे सुमारे 0.43 मिमी. लहान, जास्त फेऱ्यांच्या इंजनांत तो पुष्कळ कमी असतो, तेव्हा आपल्या कंपनीच्या पुस्तकातलाच आकडा धरा. फिलर गेजची (फट मोजायच्या पातळ पत्त्यांच्या जुडग्याची) पत्ती किंचित घासत निघाली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू हमखास सरकतो, म्हणून आवळल्यावर पत्ती पुन्हा घाला. रॉकरच्या नाकाला खड्डा पडला असेल तर पत्ती खड्ड्यावरून आडवी जाते, गॅप बरोबर वाटतो अन् असतो जास्त.

गॅप वाढून टकटक करणारं इंजन निदान सांगून तरी जातं. सीट घासून वाल वर सरकला की गॅप संपतो, आवाज उलट कमी होतो, कॉम्प्रेशन गळतं आणि एक्झॉस्ट वाल जळतो.

मोबिल, म्हणजे इंजन ऑइल, दुधाळ दिसलं तर त्यात पाणी आहे. सगळं काढून चेंबर (इंजनाचा खालचा तेलाचा भाग) पुसा, नवं भरा. नंतर चेंबरचं बाजूचं झाकण उघडून, लिव्हर उचलून, चाक हातानं फिरवत राहा. लिस्टर पद्धतीच्या इंजनात मोठ्या बेअरिंगखाली पन्हळ असते आणि रॉडचा चमचा त्यातून तेल उडवतो. तेलपंपाचं तेल पन्हळीत येताना दिसलंच पाहिजे. येत नसेल तर जाळी गाळानं बुजली आहे किंवा पंपाची गोळी चिकटली आहे. हे झाकण उघडं ठेवून इंजन चालू करणं म्हणजे आगाऊपणा. फिरवतानाही गळ्यातला दुपट्टा काढून ठेवा. प्रेशरच्या, म्हणजे तेल दाबानं फिरवणाऱ्या इंजनात चालू करताच तेलाच्या गेजचा काटा उठला नाही तर लगेच बंद करा.

जुन्या लिस्टरच्या रॉकरला पंपाचं तेल पोचत नाही. तिथं रोज तेलकुपीनं चार थेंब सोडावे लागतात.

हेड खोललं असेल तर पहिल्या ओलितानंतर, इंजन थंड झालं की टॅपेट पुन्हा तपासा. गॅस्केट दबतं, हेड खाली बसतं आणि गॅप कमी होतो.