प्रवाळभित्तीचं अन्नजाळं मांडताय? या चुका टाळा

सांगलीत विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की शाळेच्या व्हरांड्यात पुठ्ठा, डिंक आणि सुतळी यांचा पसारा पडतो. गेल्या खेपेला आठवीतल्या दोघींनी प्रवाळभित्ती केली होती. गुलाबी रंगवलेली प्रवाळाची फांदी, टाचणीवर टोचलेले कागदी मासे, एकाकडून दुसऱ्याकडे ताणलेले दोरे. दिसायला झकास. मी पोपटमाशाची टाचणी उपसली आणि विचारलं, "आता काय काय सैल पडलं?" एकच दोरा लोंबला, बाकी सगळे ताठ. नाव अन्नजाळ्याचं आणि टांगलेल्या मात्र सुट्या साखळ्या!

दोष पोरींचा नाही. गवत, नाकतोडा, बेडूक, साप ही शिवारातली साखळी आपल्या डोक्यात इतकी पक्की बसलेली असते की समुद्रातही आपण आधी गवत शोधतो. मग प्रवाळालाच गवत ठरवतो आणि त्यावर "उत्पादक" अशी चिठ्ठी लावून मोकळे होतो.

सगळ्यात मोठी चूक हीच. प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या इवल्याशा पॉलिपच्या (प्रवाळाच्या वसाहतीतला एकेक छोटा जीव) पेशींत झूझँथेली नावाचं एकपेशीय शैवाल राहतं आणि उन्हावर साखर बनवतं. प्रवाळाच्या गरजेतली ९० टक्क्यांपर्यंतची ऊर्जा या भाडेकरूकडून येऊ शकते. बदल्यात त्याला आसरा मिळतो, शिवाय पॉलिपने टाकलेलं नत्रही मिळतं. भुईमूग उपटला की मुळांवर गाठी दिसतात ना, तशातलाच हा व्यवहार. फक्त तिथे बॅक्टेरिया झाडाला नत्र देतात, इथे शैवाल प्राण्याला साखर देतं. रात्री मात्र हाच प्रवाळ शुंडके बाहेर काढून प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी, पकडतो. म्हणून त्याच्याकडे दोन बाण यायला हवेत, एक आतल्या शैवालाकडून आणि एक प्लवकांकडून. (सराफ कट्ट्यावर अंगठीत बसवून मिळतं ते लाल पोवळं वेगळं. ते अंधूक उजेडात वाढतं, त्यात हे शैवाल नसतं.)

इथे घोटाळा झाला की ब्लीचिंगचं चित्रही चुकतं. पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा अंशभर जास्त राहिलं आणि तसंच काही आठवडे टिकलं, की प्रवाळ आतलं शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. पांढरा म्हणजे मेलेला नव्हे, उपाशी. पाणी वेळेत निवलं तर तो सावरतो. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली असं मोठं ब्लीचिंग झालं.

बाणाची दिशा खाल्ला जाणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे. दरवर्षी सांगते, दरवर्षी उलटे बाण येतात. आणि कृपा करून कृष्णेतला मरळ प्रवाळात सोडू नका.

मधोमध भलामोठा शार्क लावायचा मोह आवरा. भित्तीच्या कपारींत बोटाच्या पेराएवढे मासे असतात, ते तक्त्यावर कुणी काढतच नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की भित्तीवर माशांचं जेवढं मांस खाल्लं जातं, त्यातलं जवळपास ६० टक्के या चिमुकल्यांचं असतं. ते भराभर जन्मतात आणि भराभर खाल्ले जातात.

विघटकांना कोपऱ्यात ढकलणं ही माझ्या मते दुसरी मोठी चूक. भित्तीभोवतीचं पाणी नितळ असतं, म्हणजे त्यात खत जवळजवळ नसतंच. मग एवढी जीवसृष्टी पोसते कशी? काही वाया जाऊ न देता. उसाचं पाचट न जाळता सरीतच कुजवणारा शेतकरी आठवा. प्रवाळ आणि शैवाल पाण्यात जे विरघळलेले सेंद्रिय पदार्थ सोडतात, ते माशांना खाता येत नाहीत. स्पंज नावाचे तळाला चिकटून राहणारे प्राणी ते शोषून घेतात आणि स्वतःच्या जुन्या पेशी कण होऊन झडू देतात. ते कण खेकडे, गोगलगायी, कृमी खातात. हे चक्र २०१३ साली नीट मांडलं गेलं, तेव्हा तुमच्या तक्त्यावर स्पंज हवाच.

आता टाचणीची परीक्षा. जमैकात मासेमारीमुळे शैवाल खाणारे मासे आधीच कमी झाले होते. शैवाल आटोक्यात ठेवायचं काम मुख्यतः लांब काट्यांच्या काळ्या सी अर्चिन या गोल समुद्री प्राण्यावर येऊन पडलं होतं. १९८० च्या चक्रीवादळाने प्रवाळ मोडला, आणि १९८३-८४ मध्ये रोगाची साथ येऊन कॅरिबियनमधले ९० टक्क्यांहून जास्त अर्चिन मेले. शैवाल माजलं. १९७७ मध्ये तळाचा सुमारे ५२ टक्के भाग व्यापणारा जिवंत प्रवाळ १९९३ पर्यंत ३ टक्क्यांवर आला. एकेका कामाला दोन-तीन खाणारे असले तर एक गेल्यावर दुसरा सांभाळतो, तिथे दुसरा उरलाच नव्हता. तेव्हा प्रत्येक टाचणी काढून बघा. काहीच हललं नाही तर दोरे कमी पडलेत.

त्या दोघींनी रात्रीत सगळं पुन्हा बांधलं. गुलाबी फांदीवर शैवाल म्हणून हिरवे मूग चिकटवले. ब्लीचिंग दाखवायचं म्हणजे परीक्षकांसमोर मूग काढायचे, असं ठरलं होतं. डिंक इतका घट्ट बसला की एक दाणा निघेना. "बाई, आमचा प्रवाळ काही पांढरा पडत नाही," म्हणाल्या.