रेलिगेशनची लढाई ठाण्यात बसून कशी बघायची (स्कॉटिश लीगचे शेवटचे पाच आठवडे)

"गाव वाचलं का तुझं?" एप्रिल-मे महिन्यात आमच्या वर्तकनगरच्या घरी सकाळच्या चहाला बाबांचा हा प्रश्न ठरलेला. गाव म्हणजे डिंगवॉल. स्कॉटलंडच्या पार उत्तरेला, लोकसंख्या साधारण साडेपाच हजार, म्हणजे आपल्या घोडबंदर रोडच्या एखाद्या मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये राहतात तेवढी माणसं. त्या गावाचा फुटबॉल क्लब रॉस काउंटी, आणि त्यांच्या व्हिक्टोरिया पार्कवर सगळं गाव बसलं तरी खुर्च्या उरतात. १९९४ ला हायलँड लीग या प्रादेशिक लीगमधून वर आले, २०१६ ला एडिनबराच्या हिब्सला हरवून लीग कप पण जिंकला. मी त्यांच्यात अडकले २०२३ ला, यान ढांडा हे नाव टीममध्ये दिसलं म्हणून, त्याच्या वडिलांकडचं मूळ भारतातलं, तर म्हटलं बघू तरी कोण आहे, आणि बघितली ती नेमकी प्लेऑफची मॅच, म्हणजे वरच्या लीगमध्ये टिकायची शेवटची लढत. मग २०२३, २०२४, २०२५, ओळीने तीन वर्षं हा क्लब प्लेऑफ खेळला, त्यामुळे खालच्या टोकाची लढाई कशी बघायची हे मला बसून बसून कळलंय. मैत्रिणी विचारतात की टेबल उघडलं तर नुसते आकडे दिसतात, त्यात टेन्शन कुठे आहे, म्हणून जरा नीट लिहितेय.

सगळ्यात आधी डोक्यातून आयपीएल काढा. आपल्याकडे टीम तळाला राहिली तरी पुढच्या वर्षी ती तिथेच असते, आयएसएलमध्येही इतकी वर्षं असंच चाललं, त्यामुळे सीझन संपत आला की तळाच्या टीमच्या मॅच कुणी बघतच नाही. तिकडे उलटं आहे, तळाला राहिलेली टीम पुढच्या वर्षी खालच्या लीगमध्ये जाते, त्यालाच रेलिगेशन म्हणतात. खाली जाणं म्हणजे तिकिटांचे पैसे कमी, टीव्हीचे पैसे कमी, ऑफिसातल्या आणि ग्राउंडवरच्या माणसांच्या नोकऱ्यांवर गदा, आणि बऱ्याच खेळाडूंची कॉन्ट्रॅक्ट मेअखेर संपणारी असतात म्हणजे त्यांना स्वतःलाही माहीत नसतं जूनमध्ये आपण कुठे असू. हे एकदा लक्षात आलं की मग ०-० ची मॅच पण श्वास रोखून बघता येते.

आता सिस्टीम. प्रीमियरशिप ही सगळ्यात वरची लीग, तिच्यात १२ टीम. प्रत्येक टीम बाकीच्या ११ जणांशी तीन-तीनदा खेळते, झाल्या ३३ मॅच. मग टेबलचे मधोमध दोन तुकडे होतात, त्याला स्प्लिट म्हणतात, वरच्या ६ एकमेकांत आणि खालच्या ६ एकमेकांत आणखी ५-५ मॅच खेळतात, एकूण ३८. स्प्लिट झाला की आपला अर्धा भाग सोडता येत नाही, म्हणून कधीकधी सातव्या नंबरचे पॉइंट सहाव्यापेक्षा जास्त दिसतात, ती चूक नसते. बारावी टीम थेट खालच्या लीगमध्ये, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये. अकरावी प्लेऑफला. दहावी वाचली. एवढंच.

माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी सगळ्यांना सांगते, की रेलिगेशन टेबलमध्ये बघू नका, फिक्स्चरमध्ये बघा, म्हणजे कुणाची मॅच कुणाशी आहे त्यात. कारण इंग्लंडसारखं नाही की शेवटच्या पाचात तुमच्या वाट्याला दोन मोठे क्लब आले आणि शेजाऱ्याच्या वाट्याला दोन सोपे. इथे शेवटच्या पाचही मॅच त्याच पाच शेजाऱ्यांशी, जे तुमच्यासारखेच घाबरलेले असतात. त्यामुळे सेल्टिक-रेंजर्ससारख्या मोठ्या क्लबांकडून वर्षभर किती मार खाल्ला याला आता काही अर्थ नाही. अर्थ याला आहे की या पाच जणांशी तुमचं काय झालं.

म्हणून एक साधी वही घ्या, मी दोनशे पानी घेते, मोबाईलमध्ये करू नका कारण हाताने लिहिलं की डोक्यात राहतं. एका पानावर खालच्या ६ टीम ओळीने लिहा आणि फक्त या सहांच्या आपापसातल्या आत्तापर्यंतच्या मॅचचं टेबल बनवा, प्रत्येकाच्या १५ मॅच होतात. अर्धा तास लागतो. पण हे छोटं टेबल मोठ्या टेबलपेक्षा बरंच खरं बोलतं, कधीकधी मोठ्या टेबलमध्ये आठवी असलेली टीम इथे तळाला निघते, वरच्या टीमविरुद्ध दोन-चार अनपेक्षित विजय मिळाले म्हणून ती वर दिसत असते आणि शेजाऱ्यांसमोर मात्र तिला गोल सुचत नाही. अशी टीम पुढच्या पाच आठवड्यांत खाली घसरू शकते, तिच्यावर लक्ष ठेवा. दुसऱ्या पानावर उरलेल्या ५ मॅच, घरच्या कुठल्या आणि बाहेरच्या कुठल्या ते लिहा. पाच म्हणजे विषम आकडा, कुणाला ३ घरच्या मिळतात कुणाला २, आणि हा फरक छोटा नाही. डिंगवॉल ग्लासगोपासून जवळपास ३०० किलोमीटर आहे, म्हणजे ठाण्याहून कराडला बसने जाऊन मॅच खेळायची आणि त्याच रात्री परत, करून बघा.

मग गणित. जिंकलं तर ३, ड्रॉ १. प्रत्येक टीमपुढे तिचा जास्तीत जास्त आकडा लिहायचा, आत्ताचे पॉइंट अधिक उरलेल्या मॅच गुणिले ३. समजा आपण अकरावे, ३४ पॉइंट, दहाव्याचे ३७, बाराव्याचे ३०, आणि २ मॅच बाकी. बारावा जास्तीत जास्त ३६ ला जाईल. म्हणजे आपण एक जिंकलो की ३७, बाराव्याची भीती संपली. आणि बारावा एक जरी हरला तर त्याचा जास्तीत जास्त आकडा ३३, मग आपण दोन्ही हरलो तरी थेट खाली जात नाही. दहाव्याला गाठायचं तर मात्र आपण दोन्ही जिंकून ४० आणि त्याने एकही जिंकता कामा नये, एक जिंकला आणि एक हरला तर तोही ४०, मग गोल डिफरन्सवर, म्हणजे मारलेले गोल वजा खाल्लेले गोल. हे दर राउंडनंतर खोडून परत लिहायचं. अशाच हिशोबात सहा पॉइंटची मॅच म्हणजे काय ते कळतं, तीनने मागे असताना त्याच शेजाऱ्याशी खेळून जिंकलात तर बरोबरी आणि हरलात तर सहाने मागे. स्प्लिटनंतर प्रत्येक मॅच अशी असते.

गोल डिफरन्सकडे दुर्लक्ष करू नका. नेट रनरेटमुळे आपल्याला हे समजायला सोपं जातं, तेही समान निघालं तर ज्याने जास्त गोल मारले तो वर. त्यामुळे एखादी टीम ०-३ मागे असताना पण कीपर जिवाच्या आकांताने चौथा गोल अडवत असतो, आणि तो उगाच नाही अडवत.

एक छोटी गोष्ट, टेबलच्या खाली बारीक अक्षरात काही लिहिलेलं असेल तर वाचा. क्लब कर्जात बुडून ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला तर पॉइंट कापतात. हार्ट्सने २०१३-१४ चा सीझन उणे १५ ने सुरू केला आणि ते खाली गेले.

वेळेचं सांगते कारण यात सगळे फसतात. तिकडच्या दुपारी ३ च्या मॅच हिवाळ्यात आपल्याकडे रात्री ८:३० ला असतात, मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळ बदलतं आणि मग त्याच मॅच ७:३० ला. म्हणजे लढाईचे खरे आठवडे आपल्याला सोयीचे, शनिवारी तलावपाळीला चक्कर मारून घरी येऊन बसता येतं. पण आठवड्यातल्या मॅच तिकडे पावणेआठला असतात म्हणजे आपल्याकडे मध्यरात्री १२:१५, संपायला दोन वाजून जातात आणि सकाळची लोकल काही थांबत नाही. अशा रात्री मी पहिला हाफ सोडते आणि दुसऱ्याला अलार्म लावून उठते, रेलिगेशनच्या मॅच बहुतेक वेळा शेवटच्या २० मिनिटांतच ठरतात. भारतात कुठे दिसतं हे दरवर्षी बदलतं, म्हणून आठवडाभर आधी शोधून ठेवा, बऱ्याच क्लबांचं स्वतःचं स्ट्रीमिंग पण असतं, बाहेरच्या देशातल्यांना एका मॅचचा पास विकत मिळतो. फुकटच्या लिंकवर नेमकी पेनल्टीच्या वेळी चकरी फिरते, आणि तुमचे दोनशे-पाचशे रुपये गावच्या क्लबला गेले तर चांगलंच आहे की.

मॅच चालू असताना काय बघायचं? सुंदर पासिंग शोधू नका. कॉर्नर, फ्री किक, लांब थ्रो, आणि हेडर उडाल्यावर खाली पडणारा बॉल कोण आधी घेतो ते बघा. एप्रिल-मेमध्ये ग्राउंड वर्षभर वापरून खराब झालेली असतात, वारा असतो, आणि काही क्लबांची प्लास्टिकची टर्फ, लिव्हिंगस्टनची २०२५ ला तशी होती. आपल्याकडे पत्र्याच्या जाळीतल्या टर्फवर रात्री खेळलेल्या कुणालाही कळेल बॉल तिथे कसा वेगळा उसळतो ते. कॅप्टनकडे बघा, गोल खाल्ल्यावर तो बॉल उचलून मध्यावर पळतो की कमरेवर हात ठेवून उभा राहतो. मला तर त्यावरूनच अर्धी मॅच कळते.

शेवटच्या दिवशी खालच्या मॅच एकाच वेळी सुरू होतात म्हणून दोन स्क्रीन लागतात, टीव्हीवर आपली आणि मोबाईलवर शेजाऱ्याची. वहीचं पान समोर उघडं. कुणाला तरी सोबत घ्या, एकटीने हे झेपत नाही, मी शेजारच्या काकूंच्या मुलाला बसवते आणि त्याचं काम फक्त दुसरा स्कोअर ओरडून सांगायचं.

आता प्लेऑफ, ज्यात माझी तीन वर्षं गेली. चॅम्पियनशिपचा तिसरा आणि चौथा आधी खेळतात, जिंकेल तो दुसऱ्याशी, आणि त्यातून उरेल तो प्रीमियरशिपच्या अकराव्याशी. प्रत्येक फेरी दोन लेगची, एक घरी एक बाहेर, दोन्हींचे गोल मिळवायचे, बाहेरच्या गोलला जादा किंमत नाही. बरोबरी झाली तर एक्स्ट्रा टाइम, मग पेनल्टी. फायनलचा दुसरा लेग वरच्या टीमच्या घरी. वरची टीम ताजी असते पण वर्षभर हरून हरून आलेली, खालची थकलेली असते, चौथ्या नंबरवाल्याच्या तर फायनलपर्यंत चार मॅच झालेल्या असतात, पण जिंकत आलेली. यातलं काय जड पडेल ते आधी सांगता येत नाही. २०१४ पासून २०२५ पर्यंत अशा ११ फायनल झाल्या, २०२० ला कोविडमुळे झालीच नाही, आणि ७ वेळा वरची टीम वाचली, ४ वेळा खाली गेली.

पहिल्या लेगवरून निकाल धरू नका, हे मी ठासून सांगते. २०१४ ला हिब्सने हॅमिल्टनच्या घरी जाऊन २-० जिंकलं होतं, घरी आले आणि ०-२ हरले, त्यातला दुसरा गोल इंज्युरी टाइममध्ये, मग पेनल्टीवर ४-३ ने हरून खाली गेले. आणि २०२३ चं आमचं नेमकं उलटं. पार्टिक थिसलकडे ग्लासगोत ०-२, मग रविवारी डिंगवॉलला आणखी एक गोल खाल्ला म्हणजे एकूण ०-३, ७० मिनिटं झालेली, मी टीव्ही बंद करायला रिमोट उचलला होता. शेवटच्या वीस मिनिटांत तीन गोल. पेनल्टीवर ५-४. बाबा आतल्या खोलीतून उठून आले की झालं काय, आणि तेव्हापासून त्यांचं "गाव वाचलं का" सुरू झालं. २०२४ ला रेथ रोव्हर्सला एकूण ६-१, ती सोपी गेली.

२०२५ चा दुसरा लेग मात्र अजून विसरता येत नाही. पहिला लेग लिव्हिंगस्टनला १-१, घरी आम्ही २-० ने पुढे होतो. त्या मे महिन्यात पाऊस लवकर आला होता, बाहेर धो धो, मी वहीत "वाचलो" असं पेन्सिलने लिहून पण ठेवलं. मॅच २-४ संपली. म्हणून सांगते, शिट्टी वाजेपर्यंत वहीत काही लिहू नका, पेन्सिलने पण नाही.

खाली गेल्यावर क्लब बदलू नका. नवीन टीम पकडायचा मोह होतो, पण मग पाच आठवड्यांत शिकलेलं सगळं वाया जातं, खेळाडूंची नावं, ग्राउंडचा वारा, शेजाऱ्यांची खोड. आणि खाली पण लढाई असतेच. चॅम्पियनशिपमध्ये १० टीम, ३६ मॅच, स्प्लिट नाही, दहावी थेट त्याच्याही खालच्या लीग वनला आणि नववीला लीग वनच्या दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्यांसोबत प्लेऑफ. एक पडझड झाली की लगेच दुसरी होऊ शकते, आमचे शेजारी इन्व्हरनेस प्रीमियरशिपमधून २०१७ ला उतरले, २०१९ ला परत वर यायचा प्रयत्न जमला नाही, २०२४ ला त्याच नवव्या नंबरच्या प्लेऑफमधून लीग वनला गेले आणि त्याच ऑक्टोबरला ॲडमिनिस्ट्रेशन, उणे १५. तरी २०२४-२५ ला ते लीग वनमध्ये टिकले. त्यांची माझी काही मैत्री नाही, पण त्या सीझनचं पान मी वहीत त्यांच्यासाठी पण आखलं होतं.

२०२५ च्या त्या रात्रीनंतर सकाळी बाबांनी विचारलं, मी नाही म्हटलं. ते थोडा वेळ चहा ढवळत बसले, मग म्हणाले, आता किती टीम असतात तिकडे? फिक्स्चर आल्यावर मी नवीन वही आणली आणि बाराऐवजी दहा ओळी आखल्या.