क्लच खरंच संपलाय का? गिअरबॉक्स उतरवण्याआधी हे बघा

मसाई पठाराच्या चढणीला इंजिन ओरडतंय, गाडी मात्र जागची हलत नाही आणि आत जळका वास सुटलाय. एवढ्यावर ‘क्लच गेला’ म्हणून गाडी उघडायला घेऊ नका. फोर बाय फोरचा गिअरबॉक्स ट्रान्सफर केससकट (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) खाली येतो, त्यात अख्खा दिवस जातो. आधी दहा मिनिटं तपासणीला द्या.

मोकळ्या, सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ४० चा वेग धरा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम झपकन चढले आणि वेग मागेच राहिला, तर क्लच स्लिप होतोय. आता पेडलचा खेळ, म्हणजे क्लचवर दाब येण्याआधी पेडल जेवढं मोकळं हलतं ते अंतर, हाताने दाबून बघा. केबल किंवा रॉडच्या क्लचला साधारण २० मिमी खेळ लागतो. तो शून्य झाला असेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग) कायम दाबलेलं राहतं आणि चांगली क्लच प्लेटसुद्धा घसरते. अशा वेळी ॲडजस्टमेंटवरच काम भागू शकतं.

गिअर टाकताना कर्र वाजतंय, रिव्हर्स तर पडतच नाही? मग क्लच सुटत नाहीये, हा आजार वेगळा. क्लच हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा असेल तर गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरचं रबर मागे सारून बघा. आत ओल दिसली तर तेल तिथूनच गळतंय. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत प्लेट गंजून फ्लायव्हीललाही (इंजिनमागचं जड चाक) चिकटते. पेडल दाबल्यावर घरघर आली तर रिलीज बेअरिंग; पेडल सोडल्यावर येऊन दाबल्यावर थांबली तर बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग.

उतरवायचंच ठरलं तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग, क्रँकचं मागचं ऑईल सील आणि गिअरबॉक्सचं पुढचं सील एकदमच आणा. सीलचे पैसे वाचवू नका. तेल लागलेली नवी प्लेट काही दिवसांत पुन्हा हिसके देते, आणि तेवढ्यासाठी सगळं परत खाली!

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या. दोन्ही प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजवर (जोडाच्या चकतीवर) पंचने खुणा करा, म्हणजे परत तसेच जोडता येतील. स्लेव्ह सिलिंडर पाइप न उघडता बाजूला बांधा आणि त्यानंतर पेडलला कुणी पाय लावू नये. इंजिनखाली लाकूड ठेवून जॅक द्या. गिअरबॉक्स जॅकवर घेऊन दोघांनी सरळ मागे ओढा. आतली धूळ हवेने उडवू नका, ती छातीत जाते. ब्रेक क्लीनरने धुवा.

जुनी प्लेट हातात घ्या, सगळं तीच सांगते. रिव्हेटच्या वर ०.३ मिमीपेक्षा कमी लायनिंग उरलं असेल तर ती झिजली. काळी, चकचकीत असेल तर तेल लागलंय किंवा जळालीय. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चरे असतील तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात फेसिंग (लेथवर पृष्ठभाग सपाट करणं) करून घ्या. भेगा असतील तर मात्र बदलाच. ड्युअल मास (आत स्प्रिंग असलेल्या, दोन भागांच्या) फ्लायव्हीलचं फेसिंग होत नाही.

नवी प्लेट अलाइनमेंट टूलवर (प्लेट मधोमध धरणारा दांडा) बसवा. कुठली बाजू फ्लायव्हीलकडे, ते जुनी काढतानाच टिपून ठेवा. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, दोन-दोन आटे करत आवळा. शेवटचा टॉर्क मॅन्युअलप्रमाणे. इनपुट शाफ्टच्या खाचांना (स्प्लाइन) ग्रीसचा हात फक्त फिरवा, जास्त झालं तर ते उडून लायनिंगवर जातं. गिअरबॉक्स बसत नसेल तर गिअरमध्ये टाकून मागचा फ्लँज हळू फिरवा. बोल्टने ओढून बसवू नका, गिअरबॉक्सचे बोल्टचे कान तुटतात. वजन इनपुट शाफ्टवर लटकू दिलं की नव्या प्लेटचा हब वाकतो.

पहिले ५०० किमी ओढकाम नको. चढणीला हाफ क्लच धरण्यापेक्षा फोर लो (चारही चाकांचा सावकाश, जास्त ताकदीचा गिअर) टाका. आणि ओढ्यातून जाताना क्लच दाबू नका. दाबला की प्लेट आणि फ्लायव्हीलच्या मधे पाणी आणि गाळ शिरतो.