२५ मीटर नेमबाजीसाठी स्पोर्ट पिस्तूल निवडताना

राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले, त्यासाठी पॉइंट टू टू कॅलिबरचे अर्धस्वयंचलित पिस्तूल लागते. त्याच्या खरेदीआधी नियमांची चौकट पाहावी: ट्रिगरचा भार (तो दाबायला लागणारा जोर) किमान १००० ग्रॅम, पिस्तुलाचे वजन कमाल १४०० ग्रॅम. शस्त्र परवान्याची प्रक्रियाही खरेदीआधीच पूर्ण करावी.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मूठ. लाकडी मूठ तळहाताला पोकळी न ठेवता भिडली पाहिजे, आणि डोळे मिटून हात उचलल्यावर, मग डोळे उघडल्यावर, पुढची व मागची साइट (नेम धरण्याच्या खुणा) मनगट न वळवता एका रेषेत दिसली पाहिजे; तसे होत नसेल, तर पिस्तूल कितीही महाग असले तरी मूठ बदलणे किंवा घासून घेणे अपरिहार्य आहे.

त्यानंतर ट्रिगर पाहावा. ट्रिगर दाबताना पहिला, हलका टप्पा संपून दुसरा, जड टप्पा सुरू होतो ती जागा बोटाला दर वेळी स्पष्ट जाणवली पाहिजे. पार्दिनी एसपी आणि वाल्थर जीएसपी या पिस्तुलांमध्ये मॅगझिन (काडतुसांचा कप्पा) ट्रिगरच्या पुढे असते, त्यामुळे वजन पुढे झुकते. काहींना ही स्थिरता मानवते, काहींचा खांदा लवकर थकतो. म्हणून मॅगझिन पुढे असलेली आणि नसलेली, अशी दोन्ही प्रकारची पिस्तुले रेंजवर प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली चालवून पाहावीत, आणि जी काडतुसे नियमित मिळणार आहेत तीच वापरावीत, कारण पिस्तूल अडखळते का आणि गोळ्या किती जवळ पडतात, हे काडतुसांनुसार बदलते.